यंदा बाग मी ठरवली

रत्ने, यंदाची बाग मी ठरवली. तुला न विचारता ठरवली आणि काल रविवारी जाऊन पण आले. तुझ्या पेठेतली, तुझ्या घरासमोरची. दारातून आत गेलं की डाव्या हाताला करंजाचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली चटई टाकली. आता काढ खुसपट. मुंग्या आहेत म्हण, टवाळ पोरं बसतात म्हण, नळाला पाणी नसतं म्हण. मी ऐकून घ्यायला रिकामी आहे आणि तू बोलायला नाहीस. ऐनवेळी कलटी मारायची सवय तुझी जुनीच.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक मला सांगतात, शकुताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. बोलते की. चांगलं बोलायला माझ्याकडं पुष्कळ आहे. पण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते आधी पुरं करू दे. अर्धवट भांडण घेऊन मला शोकसभेत बसता येत नाही.

पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आपण टेबलाला टेबल लावून बसलो, नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत. तू गडहिंग्लजची, मी मुरगूडकडची. तुझ्या माहेरी कानडी मुरलेलं, त्यामुळं पहिल्याच आठवड्यात तू मला 'अक्का' करून टाकलंस. मी जेमतेम दोन वर्षांनी मोठी, पण तुझी अक्का झाले ती झालेच. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला इतक्या वेळा हाक मारली नसेल.

आणि उन्हाळ्याची सहल हे तुझंच खूळ. पोरांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यातला एखादा रविवार, शहरातलीच एखादी बाग आणि घरचे डबे. लांब कुठं जायचं नाही, गाडी करायची नाही. तू, मी, आमचे मालक आणि आमची गौतमी. तुझ्या अभिजितला तू सुट्टीत आजोळी पाठवून द्यायचीस, म्हणून तो कधी आला नाही. तेव्हा मला वाटायचं, पोराला आजीचा लळा असेल.

बाग ठरवायची तुझी पद्धत तर अख्ख्या ऑफिसला पाठ होती. आठवडाभर आधी जेवणाच्या सुट्टीत माझ्या लुनावर मागं बसायचीस आणि आपण 'सावली बघायला' निघायचो. बागेत शिरलं की तू एकेक झाड निरखायचीस, मुलगी बघायला आल्यासारखी. मग पसंत पडलेल्या झाडाखाली जायचीस आणि सावलीच्या काठावर पायातली एक चप्पल काढून ठेवायचीस. एक पाय अनवाणी, तशीच लंगडत माझ्याबरोबर बाहेरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला. रस संपवून परत आलं की चप्पल उन्हात पडलेली असायची आणि तू कपाळावर हात मारायचीस.

"बघ अक्का, पळाली की गं सावली! एक वाजताची सावली बघून काय करायचं? तीनला कुठं जातीया ते बघाय पायजे. जेवून माणूस लवंडतंय कवा? तीनलाच की!"

टाउन हॉलची बाग तुला आवडायची, पण तिथं गर्दी. रंकाळ्याकडेला वारा चांगला, पण झाडं लहान. शेवटी दरवर्षी आपण लाईन बाजारच्या बाजूच्या त्या बागेत जायचो. तुझ्या पेठेपासून शहराचं पार दुसरं टोक. तिथली सावली पळायची, नळ लांब होता, मालकांना भर उन्हात कळशी घेऊन हेलपाटे घालावे लागायचे. आणि दरवर्षी मी म्हणायची, अगं रत्ने, तुझ्या घरासमोर एवढी झक्कास बाग आहे, तू घरातनं गरम भाकरी घेऊन दोन मिनिटांत खाली येशील, तिथं का नको? एकदा तर मी लुना सरळ तुझ्या बागेच्या दारात नेऊन उभी केली. तू उतरलीस, करंजाकडं लांबूनच बघितलंस आणि म्हणालीस, "हितं डास लई." भर दुपारी डास. तिथं तू चप्पल काढलीच नाहीस.

मी काय खुळी नव्हते. पण एखाद्या माणसावर जीव असला की मनात आलेलं माणूस मनातच दाबतं. तुझं घर मला बाहेरून माहीत होतं. हिरव्या कठड्याची गॅलरी, तिच्यात वाळत घातलेल्या तुझ्या साड्या. आत किती खोल्या, ते माहीत नव्हतं. संक्रांतीचं वाण तू मला ऑफिसात द्यायचीस. गौरी आल्या की म्हणायचीस, "आमचं घर म्हंजे नुसती धर्मशाळा, अक्का. आत्ती, दीर, पै-पावणं. बसाय जागा न्हाय." आणि आमच्या मुडशिंगीच्या घरात तू चुलीपुढं पाट ओढून बसायचीस. माझ्या हातचं सुकं मटण हाणायचीस, बोटं चाटायचीस, वर 'आणि एक भाकरी टाक की गं' म्हणायचीस. म्हणून मी मनाला सांगायची, छे, तसलं काही नाही. असतं तर ही एवढी जेवली असती का?

मग ती दुपार आली. गौतमी चौथीत होती. आपण डबे, चटया, पाण्याची कळशी घेऊन लाईन बाजारच्या बागेत पोचलो तर दाराला कुलूप. आत पाइपलाइनचं काम काढलेलं. ऊन असं की डोकं फिरावं. पोरगी भुकेनं रडायला लागली. मी रिक्षा थांबवली आणि तुझ्या पेठेचं नाव सांगितलं. तू "आता घरी जाऊ या की, अक्का, मुडशिंगीला जाऊ" असं चार वेळा म्हणालीस. मी ऐकलं नाही. भूक लागली होती मला.

बागेत शिरल्यावर तू आम्हाला करंजाखाली बसूच दिलं नाहीस. पार मागं, पाण्याच्या टाकीआड, मेंदीच्या कुंपणाला लागून चटई टाकलीस. तिथं सावली नव्हती, होती ती टाकीची वीतभर पट्टी. आम्ही भिंतीकडं तोंड करून बसलो. तू सारखी वळून दाराकडं बघत होतीस. तरी दहीबुत्ती, तुमचा तो कानडी दहीभात, वाढलीस, खर्डा वाढलास, माझ्या डब्यातलं मटण घेतलंस. पहिला घास घेतलास आणि मागून आवाज आला.

"रत्नमाला? हितं काय करतीस?"

तुझी सासू. भजनातल्या दोन बायका बरोबर. तू ताट खाली ठेवलंस ते असं, जणू ते ताट तुझं नव्हतंच. पदर सावरत उभी राहिलीस. उष्टा हात पाठीमागं. तो हात माझ्या तोंडासमोर होता, रत्ने. रश्शानं माखलेली बोटं माझ्याकडं आणि तुझं तोंड त्यांच्याकडं.

"आत्ती, ह्या आमच्या ऑफिसातल्या मॅडम. बागेत आलत्या, मी सहज भेटाय थांबलो."

मी मॅडम झाले. दहा-बारा वर्षांची अक्का एका श्वासात मॅडम. म्हातारीनं मला वरून खालपर्यंत बघितलं. हसून बघितलं हां, वाईट नाही बघितलं. "कुठलं म्हणायचं पावणं? आडनाव काय तुमचं?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्या आज्ज्यानं धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात एक शिकवण, कुणी नाव विचारलं तर मान वर करून पूर्ण सांगायचं, आडनावासकट. आज्ज्यानं बापाला शिकवलं, बापानं मला. मी तोंड उघडलं होतं आणि तू मध्येच बोललीस.

"पाटील. पाटील मॅडम."

वा गं वा. काय शोधून काढलंस! अर्ध्या जिल्ह्याचं आडनाव. पाटील म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. म्हातारी लगेच म्हणाली, "मग घरी आणायचं की गं, हितं कशाला टाकीमागं!" आणि तेवढ्यात आमची गौतमी, हातात भाकरीचा तुकडा, खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचं आडनाव कांबळे हाय की! आई, सांग की!"

भजनातल्या एका बाईनं दुसरीकडं बघितलं. तू गौतमीच्या डोक्यावर टपली मारून हसलीस. "लई चेष्टेखोर हाय हो पोरगी." आणि म्हातारीचा दंड धरून तिला दाराकडं घेऊन गेलीस. परत आली नाहीस. तुझं ताट तसंच पडलं होतं. आमच्या मालकांनी ते उचललं, धुतलं आणि पिशवीत घातलं. रिक्षात गौतमीनं विचारलं, "आई, आपलं आडनाव वाईट हाय काय?"

त्या प्रश्नाला तू जबाबदार आहेस, रत्ने. बाकी सगळं मी माफ करेन, कधी तरी, म्हातारी झाल्यावर. हा प्रश्न नाही. पोरगी आज चांगली डॉक्टर आहे, दारावर पाटी आहे तिच्या, पाटीवर आडनाव केवढ्या मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय तिनं. पेंटर म्हणाला, मॅडम, जरा बारीक करू का, जागा कमी पडतीया. ती म्हणाली, पाटी मोठी करा. ते अक्षर कुठल्या बागेतनं आलंय, हे तिला आणि मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तुला जिन्यात गाठलं. तुझं उत्तर मला शब्दाला शब्द आठवतं.

"मग काय सांगाय पायजे हुतं, अक्का? आत्तींनी तिथंच तोंड सोडलं असतं. तुला कोण काय बोललं असतं तर मला सोसलं नसतं."

"तुला सोसलं नसतं म्हणून माझं आडनाव काढून घेतलंस?"

"तुझ्यासाठी केलं गं."

"माझ्यासाठी? मला विचारलंस?"

तू रडायला लागलीस. मी म्हणाले, रडू नकोस, पाळी माझी आहे. तेव्हा वरून कुणी तरी आलं आणि आपण दोघी फायली छातीशी धरून दोन दिशांना गेलो. भांडण तिथंच थांबलं. त्यानंतर कितीदा तरी मी ते पुढं न्यायचा प्रयत्न केला. तू दरवेळी चहा मागवायचीस.

पंधरा-वीस दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग एका रविवारी तू वडापानं मुडशिंगीला आलीस. मांडीवर पातेलं, पातेल्यात दहीबुत्ती, वर फडकं बांधलेलं. जीपमध्ये चारजणांच्या मध्ये दबून, पातेलं न हलवता आलेली. दारात उभी राहून म्हणालीस, "आत घेतीस का न्हाय, अक्का?" मी घेतलं. माझ्या दारात कुणी उभं राहिलं तर मी आत घेते, आमच्याकडं तशी पद्धत आहे. माफी तू मागितली नाहीस. मी पातेलं रिकामं केलं. वर कढीपत्त्याची फोडणी काय घातली होतीस, आईशप्पथ, राग राखायला सुद्धा त्रास झाला.

आता चांगलं सांगते, नाही तर म्हणशील अक्का एकाच बाजूनं बोलते. भर मीटिंगमध्ये आपल्या त्या नव्या साहेबांनी माझ्या बढतीवरून 'कोट्यातल्या लोकांना काय, सगळं आयतं' असं काही तरी म्हटलं. मी खाली मान घालून बसले होते, कारण नोकरी हवी होती. तू खुर्ची मागं सारून उठलीस. "साहेब, ह्या बाईनं काढलेली टिप्पणी तुमी वाचून दावा आधी, मग बोला." गडहिंग्लजचा तुझा तो आवाज, तीन खोल्यांत ऐकू गेला. तुझी बदली होता होता राहिली. आणि माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू रजा काढून दवाखान्यात राहिलीस. माझं अंग पुसलंस, भांडं दिलंस, वेणी घातलीस. सख्खी बहीण नाक मुरडेल असली कामं केलीस. माझा विटाळ तुला कधीच नव्हता. म्हणून तर तुझा राग जास्त येतो. जिला विटाळ असतो तिचं काय, तिला मी ओळखते, तिच्या दारात जातच नाही. तू माझं अंग पुसायचीस आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलं की दोन पावलं पुढं चालायला लागायचीस.

सासू गेली तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. त्या वर्षी तू पुन्हा लाईन बाजारचीच बाग काढलीस. मी सरळ विचारलं, "आता कोण हाय गं तुला अडवायला?" तू नखं बघत म्हणालीस, "आत्ती गेल्या, पर गल्ली हाय की." मग अभिजितचं लग्न ठरायचं होतं. मग नवी सून आली होती, तिला काय वाटेल. मी म्हटलं, नातवंडं झाली की त्यांना काय वाटेल. तू हसलीस. मी विनोद केला नव्हता.

आणि तरी मी येत राहिले. दर उन्हाळ्यात डबा भरला, लुना गेली तशी स्कूटी आली, स्कूटी विकली तशी रिक्षा केली, पण आले. तुझ्याशिवाय मे महिना मला जमत नव्हता, हे तुला ठाऊक होतं आणि तू त्याचा फायदा घेतलास. असं स्पष्ट लिहायला लागतंय, कारण तोंडावर म्हणाले असते तर तू चहा मागवला असतास.

यंदा मार्चमध्ये तू दवाखान्यात होतीस. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि डोळे तेवढे तुझे. मी कॉटवर बसले. सूनबाई औषधं आणायला खाली गेली होती. तू माझं मनगट धरलंस.

"अक्का, यंदा आमच्या पेठंतल्या बागंत बसू या. करंजाखाली. दारापाशी."

मला आधी वाटलं, ताप चढला असेल. मी म्हटलं, "चप्पल ठेवून बघितलीस काय?"

"बघाय कशाला पायजे? तिथली सावली हलत न्हाय. सकाळधरनं सांजपातूर दाट असती. गॅलरीतनं रोज बघतो की मी."

म्हणजे तुला माहीत होतं. सगळ्या शहरात चप्पल ठेवत फिरलीस, उन्हात माझी लुना घामाघूम केलीस, आणि खरी सावली तुला रोज गॅलरीतून दिसत होती. मला हसू आलं आणि तुझ्या कानाखाली एक द्यावीशी पण वाटली. मी फक्त विचारलं, "घरी माझं नाव सांगितलंस?"

"सांगतो की. घरी गेल्यावर पयलं तेच."

तुला घरी सोडलं. मी फोन केला, तू म्हणालीस, "आज जरा धाप लागतीया, उद्या सांगतो." परत केला तर म्हणालीस, "अभ्या फिरतीवर गेलाय, आला की दोघास्नी बसवून सांगतो." अभिजित फिरतीवरून आला तो तुला शेवटचं बघायलाच. तू सांगितलंस की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली धरून चालले होते की सांगितलं असशील. मरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे आता कळलं.

उत्तरकार्याला मी आले. पहिल्यांदा तुझा उंबरा ओलांडला. इतकी वर्षं मी मनात तुझं घर केवढं मोठं बांधलं होतं, आणि होत्या साध्या तीन खोल्या. बसायला जागा भरपूर होती गं. भिंतीला टेकून चाळीस बायका बसल्या होत्या. समोर तुझा फोटो, त्याला हार घालायचं चाललं होतं. तुझी सून प्राजक्ता दारातच आली. मोबाइलवरच्या फोटोत मला बघितलं असणार. गोड पोरगी आहे, डोळे रडून सुजलेले. तिनं माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या, पाटील काकू. आई तुमचं लई नाव काढायच्या."

लई नाव काढायचीस म्हणे. कुठलं काढायचीस, ते ऐकलं मी.

मी तिला बाजूला घेऊन हळू म्हटलं, "मी कांबळे, बाळ." ती गोंधळली. "अगं बाई, आई तर कायम पाटील काकूच म्हणायच्या." का म्हणायच्या, ते मी तेव्हा सांगितलं नाही. पंगत मांडली, मी बसले, तुझ्या घरचं पहिलं जेवण जेवले. शेजारची बाई विचारत होती, पाटील म्हंजे कुठलं पाटील तुमी? मी तोंडात घास कोंबला. तुझ्या फोटोकडं बघितलं तर तू मस्त हसत होतीस, ऑफिसच्या स्नेहसंमेलनातला फोटो, मीच काढलेला.

दवाखान्यात तू नुसतं बोललीस, ठरवायचं शेवटी मलाच आलं. निघताना मी प्राजक्ताला म्हटलं, रविवारी दुपारी समोरच्या बागेत ये. तुझी सासू आणि मी दर उन्हाळ्याला डबा घेऊन बसायचो, यंदाचं राहिलंय.

ती आली. काल. बागेच्या दारालाच तुझा फ्लेक्स लागलाय, पेठेतल्या मंडळानं लावलेला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली पोरांची नावं. मी चटई अशी टाकली की तू समोर राहशील. म्हटलं, आता बघू कशी तोंड फिरवतेस. मग सावलीच्या काठावर माझी एक चप्पल काढून ठेवली, तुझ्यासारखी. प्राजक्तानं दहीबुत्ती आणली होती, तू शिकवलेली. फोडणीला जरा घाई केली होती, पण हात तुझाच. मी सुकं नेलं होतं. पोरगी पोटभर जेवली, हाड चोखत जेवली, तिला काहीएक वाटलं नाही. माझं मन भरून आलं. मला वाटलं, रत्ने, तू उगीच भीत होतीस. जिच्या भीतीनं तू गल्ली सोडून पळायचीस, ती ही पोरगी माझ्या डब्यात बोट घालून मसाला पुसतेय.

मग तिनंच विचारलं. "काकू, खरं सांगा. आई पाटील का म्हणायच्या?"

मी सांगितलं. टाकी दाखवली, मेंदीचं कुंपण दाखवलं, तू कुठं उभी होतीस ते दाखवलं. गौतमीनं रिक्षात काय विचारलं ते पण सांगितलं. प्राजक्ता खाली मान घालून ऐकत होती. रडली. हात धुतला, पदरानं पुसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

"काकू, एक ऐकशीला? ह्यास्नी नका सांगू. आईंच्यावर लई जीव हाय त्यांचा. त्यास्नी वाटंल, आपली आई असली होती. घरात आपलं पाटीलच असू दे. तुमाला आता काय फरक पडतोय?"

किती मायेनं म्हणाली ती. तुझ्याइतक्याच मायेनं. तुझ्याचसाठी, अभिजितसाठी, घरासाठी, सगळ्यांचा जीव सांभाळून. तू हिला दहीबुत्ती शिकवलीस हे मला माहीत होतं. हे पण शिकवलंस, ते काल कळलं.

मी फ्लेक्सकडं बघितलं. तुझ्याकडून काही मदत नव्हती. चप्पल बघितली, ती जिथं ठेवली होती तिथंच होती, सावलीत. ऊन तिच्या जवळ सुद्धा आलं नव्हतं. एवढं एक खरं सांगून गेलीस.

तेवढ्यात वरून हाक आली. समोरच्या गॅलरीत अभिजित. डोक्यावरचे केस अजून पुरते आले नाहीत. तोंडाला हात लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं ओरडत होता, तुझ्यासारखंच.

"पाटील काकू! खाली काय बसलाय उन्हाचं? वर या की चहाला! घर तुमचंच हाय!"

या वाक्यासाठी मी अर्धं आयुष्य तुझ्या मागं लुना चालवली. हिरव्या कठड्यावरून, गल्लीच्या देखत, तुझ्या पोराच्या तोंडून. प्राजक्तानं माझा हात घट्ट धरला आणि माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे काय मागत होते ते मला कळत होतं. चहा मला हवा होता गं. फार हवा होता.

मी उठून उभी राहिले, एक पाय अनवाणी, आणि मान वर केली.

"कांबळे म्हण की रं, लगेच येतो!"

भजनाला निघालेल्या बायका दारात थांबल्या. पलीकडच्या गॅलरीत कोण तरी बाहेर आलं. अभिजितनं कानाला हात लावला, ऐकू आलं नाही अशी खूण केली. आलं नसेल, किंवा आलं असेल. म्हणून मी परत ओरडले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि या वेळी मध्ये बोलायला तू नव्हतीस.

आडनावासकट तुझी अक्का,
शकुंतला कांबळे